जळलेल्या दाण्याला गाव नसतं

‘सिंगल ओरिजिन कोलंबिया’ असं पाकिटावर मिरवायचं आणि आत काळेठिक्कर, तेलाने चकाकणारे दाणे भरायचे, याला मी फसवणूक म्हणते. यापेक्षा सौम्य शब्द मला शोधायचाही नाही. मी अमेरिकेत राहते, कच्चे दाणे आणून घरी भाजते, आणि त्यात बहुतेक वेळा कोलंबियाचेच असतात. त्या दाण्यात काय असतं आणि भाजणारा त्यातलं काय काय मारून टाकतो, हे माझ्या जिभेला पक्कं ठाऊक आहे.

आधी ते ‘ओरिजिन’ तपासू. कोलंबियात पाच लाखांवर कुटुंबं कॉफी पिकवतात आणि त्यातल्या बहुतेकांची जमीन पाच हेक्टरांच्या आतली आहे. अँडीजच्या तीन रांगा या देशातून जातात. उत्तरेकडे अँटिओकिया, मध्यावर काल्दास, रिसाराल्दा, किंदिओ, दक्षिणेकडे उइला, काउका आणि विषुववृत्ताला खेटून नारिन्यो. नारिन्योत दोन हजार मीटरच्या वरही कॉफीची झाडं आहेत. थंड रात्रींमुळे तिथलं फळ सावकाश पिकतं आणि कॉफीत लिंबूवर्गीय, धारदार आंबटपणा उतरतो. उइलाची कॉफी चांगली असली की गोडीकडे झुकते, त्यात लाल फळांचा आणि कॅरॅमलचा भास होतो. मग या सगळ्यांवर एकच शिक्का मारणारा नेमकं काय सांगतो? देवगडचा हापूस आणि गीरचा केशर एका पेटीत कोंबून वर ‘भारतीय आंबा’ लिहिणाऱ्याला आपण दारातूनच हाकलू. कॉफीवाल्याला मात्र आपण वर जादा पैसे मोजतो.

त्याच पाकिटावर बऱ्याचदा ‘सुप्रीमो’ हे बिरुदही झळकतं. ही चवीची प्रतवारी नाहीच. सतरा नंबरच्या चाळणीवर जो मोठा दाणा राहतो तो सुप्रीमो, त्याहून लहान तो एक्सेल्सो. एकाच झाडावरून, एकाच तोडणीतून दोन्ही निघतात. चाळणीचं माप गुणवत्तेच्या भावात विकलं जातं आणि विकणाऱ्याला ते पुरतं माहीत असतं.

खरा गुन्हा मात्र भट्टीत घडतो. कच्च्या दाण्यात दहा-बारा टक्के ओलावा असतो. तापू लागला की आधी ओल्या गवताचा वास येतो, हिरवा रंग पिवळा होतो, मग भाजल्या पावाचा दरवळ सुटतो. २०० अंश सेल्सिअसच्या आसपास दाणा तडतडतो. हा फर्स्ट क्रॅक. इथून पुढची दोन-तीन मिनिटं म्हणजे भाजणाऱ्याची सगळी परीक्षा. गोडी पुरती उमलली आहे आणि फळाचा आंबटपणा अजून जिवंत आहे, अशा टप्प्यावर दाणे उतरवून झटपट थंड करायचे असतात. तसंच पुढे रेटत नेलं की २२५ अंशांच्या सुमारास सेकंड क्रॅक येतो. दाण्याच्या पेशी मोडतात, तेल पृष्ठभागावर येतं. तोवर साखर जवळजवळ संपलेली असते आणि सायट्रिक आम्लही बरंचसं गेलेलं असतं. त्यापुढे जे उरतं तो धूर आणि कोळसा. डोंगर, उंची, झाडाची जात, सगळं त्यात गडप.

विश्वास बसत नसेल तर स्वतः पाहा. एकाच पिशवीतल्या दाण्यांचे दोन वाटे करा, एक बेताचा भाजा, दुसरा काळा होईपर्यंत. कप-चाचणीची व्यावसायिक रीत सोपी आहे: १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम भरड पूड, पाणी साधारण ९३ अंशांचं, चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने फोडायचा, मग थोडं निवल्यावर चाखायचं. उइलाचा बेताचा भाजलेला कप निवत जातो तसा अधिक बोलका होतो. काळ्या कपाशेजारी मी ब्राझीलचा तितकाच काळा कप ठेवते, तेव्हा दोन देशांत फरक सांगता येत नाही. मग पाकिटावर देशाचं नाव कशासाठी?

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘गिऱ्हाइकाला कडक कॉफी लागते.’ साफ खोटं. कडूपणा म्हणजे दम नव्हे. जास्त भाजल्याने कॅफिन वाढत नाही. दाट कॉफी हवी तर पूड जास्त घाला. काळी भाजणी धंद्याला परवडते ती वेगळ्याच कारणाने. तिच्याखाली जुना माल लपतो, सदोष दाणा लपतो, स्वस्तातली खरेदी लपते. उलट टोकाला, अर्धकच्चे, गवतासारखे लागणारे दाणे ‘हीच मूळ चव’ म्हणून खपवणारेही आहेत. तेही तितकेच दोषी.

आणि यात भरडला जातो तो शेतकरी. यंत्र चढू शकत नाही अशा उतारावर तो पिकलेलं फळ हाताने तोडतो, साल काढतो, आंबवतो, धुतो, वाळवतो. २००८ नंतर तांबेऱ्याने बागा झोडपल्या, तेव्हा हजारोंनी जुनी झाडं काढून रोगाला दाद न देणारी कास्तियो जात लावली आणि नवं झाड फळायची वाट पाहत दिवस काढले. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात कॉफीचा भाव पाउंडाला एक डॉलरच्या खाली घसरला. त्या बाजारात या माणसाचा आवाज नाही. भाव मागायला त्याच्या हाती एकच गोष्ट असते: इतरांकडे नसलेली चव. भाजणारा ती चव जाळतो तेव्हा शेतकऱ्याची सौदा करण्याची ताकदही जळते. मग त्याचा माल कुणाच्याही मालाने बदलता येतो आणि व्यापाऱ्याला हवं असतं ते नेमकं हेच.

म्हणून माझं सांगणं स्पष्ट आहे. पुणे-मुंबईच्या कॅफेत असो की परदेशातल्या दुकानात, चार गोष्टी विचारा: कुठला प्रांत आणि गाव, कुठली जात, कोणत्या हंगामाचं पीक, कोणत्या तारखेला भाजलं. चिखलदरा आणि चिकमगळूरच्या कॉफीलाही हाच न्याय लावा. जमलं तर कच्चे दाणे आणा आणि जाड बुडाच्या कढईत, खिडकी उघडी ठेवून स्वतः भाजा. एकदा खरी चव कळली की जाहिरातीला बळी पडणं अवघड होतं. आणि जो विक्रेता ही चार उत्तरं देणार नाही, त्याला एक रुपयाही देऊ नका. तो कोलंबियाची कॉफी विकत नाही, कोलंबियाचं नाव विकतो.