दहा रुपये द्यायचे की नाही?

बारामतीच्या एस.टी. स्टँडवर, भिगवणच्या रेल्वे स्टेशनबाहेर, इंदापूरला पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या हॉटेलांसमोर एक हात आपल्यापुढे येतो. हात थरथरत असतो, कपडे मळलेले असतात, तोंडाला वास असतो. "साहेब, चहाला दहा रुपये द्या." ते चहाला नाहीत हे त्यालाही माहीत असते आणि आपल्यालाही. मग कोणी खिशात हात घालतो, कोणी तोंड फिरवतो आणि बरेचजण "धडधाकट आहेस, काम करायला काय झालं?" असे सुनावून पुढे जातात.

चळवळीतल्या माणसांतही हे तिन्ही प्रकार आहेत. विहारात दानपारमितेवर बोलणे झाले की एखादा तरुण कार्यकर्ता हटकून विचारतो, "बेघर, व्यसनी माणसाला दिलेला पैसा दारूतच जाणार, मग द्यायचा कशाला?" प्रश्न प्रामाणिक आहे. भावनेच्या भरात 'द्या' किंवा तुच्छतेने 'देऊ नका' असे म्हणून तो सुटणार नाही. म्हणून आज त्याचाच विचार करू.

न देण्याच्या बाजूने आपल्याकडे तीन मुद्दे मांडले जातात. पहिला पंचशीलाचा. आम्ही मद्यापासून अलिप्त राहण्याचे शील घेतो, बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग दुसऱ्याच्या दारूला पैसा कसा द्यायचा? दुसरा मुद्दा महाडचा. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, शिळे-उष्टे तुकडे मागणे सोडा, असे बजावले. आमच्या बापजाद्यांनी भाकरी मागणे टाकले आणि माणूसपण मिळवले. मग आम्ही मागणाऱ्याला उत्तेजन का द्यावे? तिसरा मुद्दा खुद्द 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातला आहे. प्रज्ञेवाचून दिलेले दान माणसाला खाली ओढू शकते आणि प्रज्ञेवाचूनची करुणा वाईटाला आधार देऊ शकते, असे बाबासाहेबांनी तेथे बजावले आहे.

तिन्ही मुद्दे वजनदार आहेत, पण त्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. शील माणूस स्वतःसाठी घेतो. ते स्वतःला तपासण्यासाठी असते, दुसऱ्याच्या तोंडाचा वास घेत फिरण्यासाठी नव्हे. महाडला एका संपूर्ण समाजाने स्वाभिमानाने मागणे नाकारले. त्या समाजाला गाव होते, वस्ती होती, पाठीशी संघटना होती आणि नेता होता. स्टँडवरच्या माणसाला यातले काहीही नाही. मागणे टाका, असे बाबासाहेबांनी आपल्या माणसांना सांगितले; मागणाऱ्याला हाकलून द्या, असे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

राहिला प्रज्ञेचा मुद्दा आणि तोच खरा आहे. प्रज्ञा म्हणजे वस्तुस्थितीचे ज्ञान. तेव्हा वस्तुस्थिती काय आहे ते पाहू.

वैद्यकशास्त्र सांगते की दारूवर शरीर अवलंबून झालेल्या माणसाची दारू एकाएकी तुटली तर काही तासांतच थरथर आणि घाम सुरू होतो. पुढच्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर भास आणि भ्रम सुरू होतात आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावूही शकतो. म्हणूनच दारू सोडवताना डॉक्टर औषधे देतात, बी-१ जीवनसत्त्व देतात, माणसाला देखरेखीखाली ठेवतात. तेव्हा "पैसे मिळाले नाहीत की आपोआप सुटेल" हे म्हणणे अडाणीपणाचे आहे. आपला नकार हा उपचार नव्हे. तसेच आपले दहा रुपये हेही व्यसनाचे कारण नव्हे. ते व्यसन आपण भेटण्याच्या कितीतरी आधी लागलेले असते.

पैसा दिला तर तो दारूत जाणार, हे अनेकदा खरे असते. पण नेहमीच? कॅनडातील व्हँकुव्हर शहरात संशोधकांनी ५० बेघर माणसांना प्रत्येकी साडेसात हजार डॉलर एकरकमी दिले आणि वर्षभर त्यांची नोंद ठेवली. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना पैसा मिळाला नाही अशा बेघरांच्या तुलनेत या माणसांचे रस्त्यावरचे दिवस कमी झाले आणि दारू-सिगारेटवरचा खर्च वाढला नाही. मात्र एक गोष्ट लपवून चालणार नाही. गंभीर व्यसन असलेल्यांना त्या प्रयोगात घेतलेच नव्हते. म्हणजे बेघर माणूस पैसा उधळतोच, हा समज खोटा ठरला. पण आपल्यापुढच्या थरथरत्या हाताचा प्रश्न शिल्लकच राहिला. त्या हाताला पैशाच्या आधी उपचार हवा आहे.

तो मिळतो का? केंद्र सरकारसाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला कसला तरी उपचार मिळतो. त्या ३८ मध्ये घरदार असलेले, बायको-पोरांनी हाताला धरून दवाखान्यात नेलेले लोकही आहेत. ज्याला हाताला धरणारे कोणीच नाही, त्याचा नंबर कधी लागणार? पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसन हा आजार आहे, हे त्या कामाने महाराष्ट्राला पटवून दिले. पण आजार आहे हे पटूनही बारामती-इंदापूरच्या रस्त्यावरचा माणूस आपल्या लेखी 'बेवडा'च राहतो. प्रतिष्ठिताचा मुलगा व्यसनात सापडला तर तो पेशंट, बेघर सापडला तर तो गुन्हेगार! ही विषमता आमच्या ओळखीची नाही काय?

आता कायद्याकडे वळू. १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही आहे. त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. हात पसरणारा तर भिकारी आहेच. पण उपजीविकेचे दृश्य साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणारा, भिकेवर जगत असावा असे वाटणारा माणूसही या कायद्याने भिकारी ठरतो. पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षे डांबता येते, पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या जोखडातून भटके-विमुक्त १९५२ साली सुटले आणि अवघ्या सात वर्षांत 'भटकणे' पुन्हा संशयाचे ठरले. नाच, गाणे, भविष्य सांगणे या त्यांच्या पोटापाण्याच्या कलाही याच व्याख्येत आल्या. संशयाचा शेवट काय होतो, ते बारामतीला वेगळे सांगायला नको. जून १९९८ मध्ये पिन्या हरी काळे हा पारधी समाजाचा माणूस बारामतीत पोलीस कोठडीत मरण पावला.

दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये हर्ष मंदर यांच्या याचिकेवर दिल्लीपुरत्या या कायद्यातील भीक मागण्याला गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. जुलै २०२१ मध्ये भीक मागण्यावर बंदी घालण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने असा उच्चभ्रू दृष्टिकोन घेण्यास नकार दिला. माणूस गरिबीमुळे हात पसरतो, हे स्पष्टपणे मान्य केले. तरीही जानेवारी २०२५ पासून इंदूरमध्ये भीक देणे हाच गुन्हा ठरवला गेला आणि दहा रुपये दिल्याबद्दल एका वाहनचालकावर गुन्हा नोंदवला गेला. शहर स्वच्छ दिसावे म्हणून गरीब दिसेनासा करायचा, हीच ती वृत्ती. बारामतीचे नवे बसस्थानक मार्च २०२४ मध्ये खुले झाले. चकाचक इमारतींचे आम्हाला वावडे नाही. पण इमारत चकाचक झाली म्हणून रात्री अंग टेकायला आलेल्या माणसाला हुसकावण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

दहा रुपयांचा हिशेब मागणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. हा सगळा पट्टा उसाचा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती अशा कारखान्यांच्या धुराड्यांवर इथले राजकारण उभे राहिले. उसाची साखर होते, उरलेल्या मळीपासून मद्यार्क होतो आणि असल्याच मद्यार्काची देशी दारू बनते. हंगामात फडात राबणारा ऊसतोड मजूर मुकादमाची उचल फेडताना मोडतो, अंगदुखी मारायला पितो आणि त्याच्या श्रमाचा पैसा दुकानातून सरकारी तिजोरीत जातो. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दारूवरील शुल्क वाढवले तेव्हा वर्षाला १४ हजार कोटींचा जादा महसूल अपेक्षित धरला होता. मद्यबंदीसाठी राज्याने प्रयत्न करावा, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. ते बाजूला ठेवून ज्या माणसाच्या व्यसनावर तिजोरी भरायची, त्याच्यावर उपचार करायला मात्र पैसा नाही! आणि दोष कोणाचा? दहा रुपये देणाऱ्याचा?

दीघनिकायातील चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात हेच सूत्र आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही, म्हणून दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी वाढली. मग राजाने पकडलेल्या चोराला धन देऊन पाहिले, तर चोऱ्या वाढल्या. पुढे शिरच्छेद करून पाहिला, तर हिंसा वाढली. मूळ कारणाला हात न घालता एकेका माणसाला देणे आणि एकेका माणसाला मारणे, दोन्ही निष्फळ ठरले.

म्हणून आमचे मत असे. प्रौढ माणसाने मागितले आणि तुमच्या खिशाला झेपत असेल तर द्या. देताना त्याच्याकडून चारित्र्याचा दाखला मागू नका. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, तेव्हा गावोगाव पंगती उठतात. तिथे कोणी वारकऱ्याला तंबाखू खातोस का, असे विचारत नाही. मग स्टँडवरच्या माणसाचीच उलटतपासणी का? पैसा द्यायला मन घेत नसेल तर जेवण द्या, चहा द्या, दोन मिनिटे बोला. तेही जमत नसेल तर निदान अपमान करू नका. मात्र देऊन दानाचे पुण्य पदरी पडले, या समाधानात घरी जाऊ नका. तुमचे खरे देणे तिथून पुढे सुरू होते.

लहान मुलांची गोष्ट निराळी आहे. व्हाइटनर किंवा सोल्युशन हुंगणाऱ्या, भीक मागणाऱ्या मुलाच्या हातात रोख पैसा देऊ नका. तो पैसा बहुधा दुसऱ्याच्या खिशात जातो. असे मूल कायद्याने काळजी आणि संरक्षणाची गरज असलेले बालक आहे. १०९८ वर फोन करा आणि मदत येईपर्यंत थांबा. प्रौढ माणूस झटके येऊन पडला, असंबद्ध बडबडू लागला, तर 'पिऊन पडलाय' म्हणून ओलांडून जाऊ नका. १०८ ला बोलवा.

यापुढचे काम कार्यकर्त्यांचे आणि आम्हा वकिलांचे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक विकारांचा समावेश मानसिक आजारातच केला आहे. त्याच्या कलम १८ प्रमाणे निराधार आणि बेघर रुग्णाला सरकारी संस्थांत उपचार पूर्णपणे मोफत आहेत; दारिद्र्यरेषेखालील कार्ड नसले तरी हा हक्क जात नाही. कलम १०० प्रमाणे मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस भटकताना आढळला, तर त्याला संरक्षणाखाली घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे ठाणेदाराचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. कायदा पिन्या काळेच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी इथवर आला. तो कागदावरून ठाण्यापर्यंत आणणे आपल्या हातात आहे.

बारामतीला २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, इंदापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे. बेघर व्यसनग्रस्ताला तेथे कोणत्या दिवशी, कोणत्या विभागात, आधार कार्डाशिवाय कसे दाखल करून घेणार, हे लेखी जाहीर करा, अशी मागणी आपल्या शाखांनी करावी. एक लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर जणांचा निवारा, या निकषात इंदापूरसारखे गाव बसतच नाही. तेव्हा तालुक्यापुरता निवारा नगरपरिषदेकडे मागावा. संजय गांधी निराधार योजनेतून महिना दीड हजार मिळतात, पण त्यासाठी रहिवासाचा पुरावा लागतो. ज्याला घरच नाही त्याने तो कुठून आणायचा? हा प्रश्न तहसीलदारांपुढे अर्जासह ठेवावा. अर्ज लिहायला तालुका विधी सेवा समिती आहे, आम्ही वकील आहोत. उपचाराची चौकशी १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर मोफत करता येते. तो क्रमांक प्रत्येक विहाराच्या फलकावर लागला पाहिजे.

येत्या पौर्णिमेला विहारात दानाचा विषय निघेल, तेव्हा आपल्या गावातल्या अशा माणसांची यादी करावी आणि प्रत्येकामागे एका कार्यकर्त्याचे नाव लिहावे. दहा रुपये द्यायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. त्या माणसाला दवाखान्याच्या दारापर्यंत कोण नेणार, हे मात्र आपण सर्वांनी मिळून ठरवायचे आहे.