आडनाव की पीआरएन?

व्हायवाला हमखास येणारा प्रश्न : लिस्टचा मॅप का करायचा? उत्तर आपल्या सगळ्यांचं पाठ असतं, "सर, सर्चिंग फास्ट होतं." होतंच. समजा, मेसच्या यादीत ५०० जण आणि हॉस्टेल फीच्या नोंदीही ५००. प्रत्येकाची नोंद पहिल्यापासून शोधत बसलं तर अडीच लाखांपर्यंत तुलना होतात. त्याच नोंदी हॅशमॅपमध्ये टाकल्या की ५०० वेळा भरायचं, ५०० वेळा विचारायचं, काम खल्लास.

पण मित्रांनो, खरा प्रश्न पुढेच आहे. की कोणती घ्यायची? आडनाव म्हणाल, तर आपल्या हॉस्टेलात पाटील किती ते मोजा! रोल नंबर? १७ नंबर प्रत्येक ब्रँचला असतोच. पीआरएन मात्र ज्याचा त्याचाच. म्हणजे कोड लिहिण्याआधी डेटा समजून घ्यायला हवा, आणि नेमका त्याचाच आपल्याला कंटाळा!

पायथॉनच्या डिक्शनरीत तीच की पुन्हा आली तर आधीची व्हॅल्यू गुपचूप पुसली जाते. एरर नाही, वॉर्निंग नाही. पाच पाटलांपैकी शेवटच्याचीच नोंद उरते. त्याने फी भरली नसेल तर पाचही जण थकबाकीदार!

जावाचं तसं नाही. २०१४ साली जावा ८ मध्ये आलेलं टूमॅप डुप्लिकेट की दिसताच इल्लीगल स्टेट एक्सेप्शन फेकतं. मग पोरं वैतागतात आणि 'पहिला ठेव, दुसरा सोड' असं मर्ज फंक्शन जोडून मोकळी होतात. एरर गेला, आउटपुट आलं, सबमिशन झालं!

माझं स्पष्ट मत आहे, की हा एरर दाबून टाकायचा नसतो. तो आपल्याला विचारतोय, हे दोघं एकच की वेगळे? एकच माणूस दोनदा लिहिला गेला असेल तर खुशाल मर्ज करा. वेगळे असतील तर आपली की चुकली. आणि एका कीला अनेक जण असणंच बरोबर असेल, जसे एका रूमला तीन पार्टनर, तर ग्रुपिंगबाय वापरून रूमसमोर यादीच ठेवा.

स्टाफला एक विनंती. प्रॅक्टिकलला नुसतं आउटपुट बघू नका; ५०० आत गेले, मॅपमध्ये किती उरले, हेही विचारा. आणि दोस्तहो, मॅपचा साइज बघायला एकच ओळ लागते. ती लिहा. गळालेला पाटील उद्या आपल्यापैकीच कुणी असेल.