वर्डस्वर्थचं दुसरं पिवळं फूल

वर्डस्वर्थ म्हटलं की शाळेत इंग्रजी कविता घोकलेल्या मराठी माणसाला डॅफोडिल आठवतात. पण या कवीचा जीव जडला होता लेसर सेलंडाइन नावाच्या इवल्याशा रानफुलावर. त्याच्यावर त्याने एक सोडून तीन कविता लिहिल्या. डॅफोडिलची कविता आणि या तिन्ही 1807च्या एकाच संग्रहात आल्या. नाव मात्र डॅफोडिलचं झालं.

युरोपातल्या पानगळीच्या रानांत, ओढ्याकाठच्या ओलसर मातीत सेलंडाइन फुलतं. सेलबर्नच्या गिल्बर्ट व्हाइट या निसर्गवेड्या पाद्र्याने 18व्या शतकात त्याच्या फुलण्याची तारीख 21 फेब्रुवारी अशी दिली होती. त्या सुमाराला ओक, बीच अजून उघडेबोडके असतात आणि ऊन थेट जमिनीवर उतरतं. वर पालवी दाटली, की खाली याचा कारभार आटोपला! जूनपर्यंत पानंही दिसेनाशी होतात. उरलेलं वर्ष मातीखाली, गाठींच्या रूपात.

पानं बदामाच्या आकाराची, तुकतुकीत. फूल जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचं, पाकळ्या बहुधा आठ ते बारा, आणि वार्निश फिरवावं तशी त्यांना चकाकी. पाकळीचा वरचा पापुद्रा अगदी गुळगुळीत असतो आणि त्याच्याखालचा स्टार्चचा थर प्रकाश परत फेकतो. आभाळ भरून आलं की फूल मिटून घेतं. पिकलेली पाकळी पांढरी पडत जाते.

मुळाशी फुगीर गाठींचा झुबका असतो. तो मूळव्याधीच्या मोडांसारखा दिसतो, म्हणून जुन्या युरोपात हे झाड मूळव्याधीवरचं औषध ठरलं. ताज्या झाडाचा रस मात्र कातडीला झोंबतो, फोडही आणतो.

1850मध्ये वर्डस्वर्थ गेला. ग्रॅस्मिअरच्या चर्चमधल्या त्याच्या स्मृतिशिल्पावर त्याचं लाडकं फूल कोरायचं ठरलं. कोरलं गेलं ग्रेटर सेलंडाइन! ते अफूच्या कुळातलं, चार पाकळ्यांचं. लेसर सेलंडाइनशी त्याचं नावापलीकडे काही नातं नाही.

अटलांटिकपलीकडे मात्र या लेसर सेलंडाइनच्या नावाने लोक बोटं मोडतात. बागेची शोभा म्हणून अमेरिकेत नेलेलं हे झाड 1867मध्ये पेनसिल्वेनियात मोकाट वाढताना नोंदलं गेलं. नदीकाठच्या सपाटीवर ते चटईसारखं पसरतं. काही झाडांच्या पानांच्या बेचक्यांत बारीक कंदिका धरतात. पुराचं पाणी त्या पुढे नेतं आणि प्रत्येकीतून नवं झाड उगवतं. ट्रिलियम, ब्लडरूट ही तिथली देशी फुलंही त्याच चार दिवसांच्या उन्हावर जगणारी. त्यांच्या आधीच हे जागा अडवून बसतं.

न्यूयॉर्क राज्यात आता त्याच्या विक्रीवर बंदी आहे. उपटायला गेलं तर एखादी गाठ मातीत राहतेच, आणि तेवढी त्याला पुरते. तणनाशक मारायचं तर तेही देशी फुलं वर यायच्या आत, हिवाळा सरता सरताच मारावं लागतं.