समजून घ्या : स्प्रिंग बदलली की खेळणं ‘खेळणं’ का राहत नाही?

फोमच्या गोळ्या उडवणारी ‘नर्फ’ किंवा तिच्यासारखी बंदूक घरात आली, की काही दिवसांत प्रश्न येतोच : ही अजून लांब मारेल का? यूट्यूबवर उत्तर तयार असतं. स्क्रू काढा, दणकट स्प्रिंग बसवा, मागे स्पेसर घाला. मुलांनी खेळणं उघडूच नये, असं माझं मत नाही. पण ताकद वाढवल्यावर हातात उरतं ते मुलांचं खेळणं नसतं, हे घरातल्या मोठ्यांनी मान्य करायला हवं.

आत नेमकं काय असतं?

रचना होळीच्या पिचकारीसारखी. एक नळी, तिच्यात दट्ट्या आणि दट्ट्यामागे स्प्रिंग. बंदूक ओढून भरली की स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या एका खाचेत अडकतो. चाप ओढला की तो सुटतो, नळीतली हवा पुढे ढकलतो आणि त्या धक्क्याने गोळी उडते. २०१२च्या ‘नर्फ एलिट’ मालिकेतली ‘रिटॅलिएटर’ याच तत्त्वावर चालते. हौशी मंडळींमध्ये ती विशेष लोकप्रिय ठरली.

स्पेसरने काय होतं?

स्पेसर म्हणजे स्प्रिंगच्या टोकाला बसवलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा किंवा वॉशरची चळत. स्प्रिंग तीच, पण ती आधीपासूनच जास्त दाबलेली राहते.

हिशेब करून पाहू. स्प्रिंगमधली ऊर्जा दाबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, स्प्रिंग मुळात ३ सेंमी दाबलेली आहे आणि भरताना १० सेंमीपर्यंत दाबली जाते. १०० वजा ९, म्हणजे ९१ भाग ऊर्जा मिळाली. २ सेंमीचा स्पेसर घातला की १४४ वजा २५, म्हणजे ११९ भाग. ऊर्जा ३१ टक्के वाढली, पण गोळीचा वेग कागदावरही साधारण १४ टक्केच वाढतो. खाचेवरचा जोर मात्र २० टक्क्यांनी वाढला आणि ती खाच प्लास्टिकचीच आहे. स्पेसर फार जाड झाला तर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना टेकतात आणि बंदूक भरतच नाही. मग जोर लावला की प्लास्टिक तुटतं.

धोका कुठे आहे?

फोमची गोळी साधारण १ ग्रॅमची. सेकंदाला २० मीटर वेगाने तिची ऊर्जा ०.२ ज्यूल असते. दणकट स्प्रिंगने वेग दुप्पट केला, तर ती चौपट, म्हणजे ०.८ ज्यूल होते. हाताला हा फटका चिमट्याइतका लागेल. डोळ्याचं तसं नाही. लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्ररुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये अशा गोळ्यांनी डोळ्यात रक्तस्राव झालेल्या तीन रुग्णांची नोंद केली. त्यात ११ वर्षांचा एक मुलगा होता. डॉक्टरांनी खेळताना संरक्षक चष्मा वापरण्याचा सल्ला दिला.

आयएसआय चिन्हाचं काय?

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर हे चिन्ह बंधनकारक आहे. पण ते कारखान्यातून निघालेल्या खेळण्याला असतं. स्प्रिंग बदलल्यावर चिन्ह तसंच दिसतं, त्यामागची हमी मात्र संपते. घरी आलेल्या पाहुण्यांच्या मुलाला हा फरक कळणार नाही.

मग करायचं काय?

सरसकट बंदी घातली तर तेच काम दार लावून होईल. त्यापेक्षा नियम ठरवा. ताकद वाढवलेली बंदूक इतर खेळण्यांत ठेवायची नाही, लहानांच्या हाती द्यायची नाही. नेम पुठ्ठ्यावर धरायचा, माणसावर नाही. खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा, नुसत्या नंबरच्या चष्म्यावर भागवू नका. भडक रंग पुसून ती काळी करू नका; खरी वाटणारी बंदूक रस्त्यावर भलताच गैरसमज करून देते. जास्त वेगच हवा असेल, तर १४ वर्षांवरील मुलांसाठी कारखान्यातच तशी बनवलेली बंदूक घेणं शहाणपणाचं.

आणि मुलाने स्क्रू ड्रायव्हर मागितलाच, तर द्या. अट एवढीच : आधी वरचा हिशेब त्याने वहीत करून दाखवायचा.