फीत कापणाऱ्यांचे विज्ञान

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, कुलगुरूंपासून प्राचार्यांपर्यंत सारे वैज्ञानिक दृष्टिकोनाची थोरवी गातात, एखादे मंत्रिमहोदय देश महासत्ता होणार असल्याची ग्वाही देऊन पुढच्या कार्यक्रमाला रवाना होतात. आणि त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, कुलूपबंद खोलीत, जनतेच्या पैशांतून लाखो रुपये मोजून आणलेला वर्णपटमापक केवळ त्याला जोडलेला संगणक बंद पडला म्हणून प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली वर्षानुवर्षे धूळ खात असतो. अशी खोली कोणत्या विभागात आहे, हे विचारण्याची गरज नाही. संशोधनात आयुष्य घालवलेल्या प्रत्येकाने ती पाहिली आहे. हा दळभद्रीपणा आहे, आणि तो गरिबीतून आलेला नाही.

उपकरण आणि त्याचा संगणक एकाच खोक्यातून येतात. पण दोघांची आयुर्मर्यादा एक नसते. गॅस क्रोमॅटोग्राफची भट्टी, एचपीएलसीचा पंप, क्ष-किरण विवर्तनमापकाचा गोनिओमीटर ही सारी जिन्नस नीट निगा राखली तर पंचवीस-तीस वर्षे इमानाने चालते. संगणक मात्र सहा-सात वर्षांतच म्हातारा होतो. उपकरणाशी बोलणारे कार्ड ज्या आयएसए स्लॉटमध्ये बसते तो स्लॉट नव्या मदरबोर्डवर नसतो; सोळा बिटांचा जुना प्रोग्रॅम चौसष्ट बिटांच्या विंडोजवर उघडतच नाही; आणि प्रिंटरच्या पोर्टला लावलेला बोटभर डोंगल हरवला की परवाना संपला, सॉफ्टवेअर संपले, उपकरणही संपले. मायक्रोसॉफ्टने विंडोज ९८ चा हात २००६ साली सोडला, एक्सपीचा ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा जानेवारी २०२० मध्ये आणि विंडोज १० चा ऑक्टोबर २०२५ मध्ये. यांपैकी एकही तारीख चोरपावलांनी आली नाही. प्रत्येक तारीख आधी जाहीर झालेली होती. आमच्या विद्यापीठांना मात्र प्रत्येक वेळी वीज कोसळल्यासारखा धक्का बसला.

तरीही काही उपकरणे चालतात. ती कोणाच्या जिवावर चालतात, हे पाहायचे असेल तर मान्यवरांनी एक दुपार तिथे बसून काढावी. पिवळ्या पडलेल्या सीपीयूवर स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी असते: ‘बंद करू नये. पेनड्राइव्ह लावू नये.’ आतली नाण्याएवढी बॅटरी कधीच संपलेली असते, त्यामुळे वीज गेली की यंत्राची तारीख कुठल्या कुठे मागे जाते आणि विद्यार्थी खरी तारीख वहीत लिहून ठेवतो. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले की प्रयोगशाळा सहायक स्वतःची रजा टाकून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नाहीतर पुण्याच्या बुधवार पेठेत जुन्या मालाच्या दुकानांत त्याच जातीचा बोर्ड धुंडाळतो. दुकानदार पक्के बिल देत नाही, बिलाशिवाय लेखा विभाग छदाम देत नाही, म्हणून पैसे त्याच्याच खिशातून जातात. जुन्या हार्ड डिस्कचा खडखडाट ऐकून त्याने वेळीच तिची हुबेहूब प्रत कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर उतरवून ठेवलेली असते. हे त्याला कोणी सांगितलेले नसते आणि कोणी विचारलेलेही नसते. या माणसाच्या बळावर शोधनिबंध छापले जातात, ज्यांत बहुधा त्याचे नाव नसते. निवृत्तीच्या दिवशी त्याला शाल आणि श्रीफळ मिळते. त्याची जागा भरली जात नाही.

पैसा नाही, ही सबब आम्ही ऐकून घेणार नाही. संशोधन आणि विकासावर हा देश सकल देशांतर्गत उत्पादनाच्या जेमतेम ०.६४ टक्के खर्च करतो हे खरे आणि लाजिरवाणे आहे. पण म्हणूनच आहे ते यंत्र जपण्याची जबाबदारी दुप्पट ठरते. केंद्राने २००० साली ‘फिस्ट’ योजना आणली, विभागांना उपकरणे मिळाली, फिती कापल्या गेल्या. हमीची मुदत संपली आणि वार्षिक देखभाल कराराचे, म्हणजे एएमसीचे, पत्र आले तेव्हा त्यासाठी लेखाशीर्षच नाही असे निघाले! खरेदी भांडवली खर्चात बसते, फोटोत येते, अहवालात झळकते; देखभालीला ना फोटो ना पाटी. २०२२ साली केंद्राने उपकरणांच्या देखभालीची आणि सामायिक वापराची ‘श्रीमान’ मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि त्याच वर्षी सार्वजनिक संशोधन संस्थांच्या उपकरणांवरची पाच टक्के जीएसटीची सवलत काढून घेतली. एका हाताने उपदेश, दुसऱ्या हाताने वसुली. आणि विद्यापीठे काय करतात? मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायच्या आदल्या दिवशी आच्छादन काढतात, पडदा उजळतो, पांढरा ॲप्रन घातलेला विद्यार्थी शेजारी उभा केला जातो, समिती पुढे सरकते आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये त्या मृत उपकरणापुढे ‘चालू स्थितीत’ असा शेरा तसाच राहतो. वैज्ञानिक सत्याच्या मंदिरात ही खोटी साक्ष आहे.

विक्रेत्या कंपन्यांचा हिशेबही मांडायला हवा. आमचे उपकरण उत्तम चालते आहे, फक्त सॉफ्टवेअर द्या, असे म्हणणाऱ्या ग्राहकाला ‘ते मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही’ एवढे एक वाक्य ऐकवून नव्या उपकरणाचे दरपत्रक पुढे करायचे, हा या धंद्याचा रिवाज झाला आहे. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे निवडली. प्रयोगशाळेतले उपकरण त्यांत नाही. पण कंपनीला दोष देताना, निविदेचा मसुदा लिहिताना आमच्या विद्वान खरेदी समितीने मूळ सॉफ्टवेअरच्या प्रती, संगणक बदलल्यास परवाना हलवण्याची मुभा, उपकरणाशी बोलण्याची आज्ञावली आणि खुल्या स्वरूपातील विदा यांपैकी एक तरी गोष्ट मागितली होती काय, हेही विचारले पाहिजे. मागितली नव्हती. सर्वांत स्वस्त दर पाहिला आणि सही केली.

याचे परिणाम प्रयोगशाळेच्या भिंतीआड राहतात, असे मानणाऱ्यांनी मे २०१७ आठवावा. ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर संगणक-विषाणूने ब्रिटनच्या आरोग्य सेवेतील हजाराहून अधिक निदान-उपकरणे बाधित केली, शस्त्रक्रिया रद्द झाल्या, वेळीच दुरुस्त न केलेले विंडोज ७ हे त्याचे मुख्य द्वार होते. दीड महिन्यातच तशाच ‘नॉटपेट्या’ने आमच्या उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प केले. जुने यंत्र वेगळ्या जाळ्यात ठेवून सुरक्षित वापरता येते. ते कॅम्पसच्या वायफायला जोडून देवावर हवाला ठेवणे हा गुन्हा आहे. प्रश्न केवळ सुरक्षिततेचा नाही. २०१० साली क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढनियंत्रक रसायनाच्या अंशामुळे युरोपने भारतीय द्राक्षे अडवली तेव्हा नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला कळून चुकले की, त्याच्या वर्षभराच्या घामाची किंमत शेवटी एक मोजमापाचे यंत्र ठरवते. भेसळीचा नमुना, विषबाधेचा व्हिसेरा, नदीच्या पाण्यातले शिसे: या सगळ्यांचा निवाडा अशाच उपकरणांपुढे होतो. आणि ज्या विद्यार्थ्याच्या पीएच.डी.च्या मूळ नोंदी आज कोणत्याही संगणकावर न उघडणाऱ्या फायलींत अडकल्या आहेत, त्याचा निष्कर्ष पडताळायचा कोणी आणि कसा? पडताळणीला वाव नसलेल्या दाव्याला विज्ञान म्हणत नाहीत.

हे सारे टाळता येते आणि त्याला फार मोठी रक्कमही लागत नाही. उपकरणाच्या किमतीबरोबरच त्याच्या दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद मंजूर झाल्याशिवाय खरेदीचा आदेश निघता कामा नये. प्रत्येक विद्यापीठात जुन्या बोर्डांचा, कार्डांचा, डिस्क-प्रतींचा साठा आणि तो सांभाळणारे कायम पदावरचे, सन्मानाने वेतन घेणारे तंत्रज्ञ हवेत. ज्याचे उपकरण चालत नाही त्याला नवे देऊ नये, ही अट मात्र निर्दयपणे पाळावी.

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक विद्यापीठांना अधिसभा असते, आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार तिच्या सदस्यांना कायद्याने दिला आहे. येत्या बैठकीत त्यांनी एवढेच विचारावे: गेल्या पंचवीस वर्षांत घेतलेल्या उपकरणांपैकी आज किती चालू आहेत, किती केवळ संगणकाअभावी बंद आहेत, आणि त्यांना जबाबदार कोण? उत्तर लेखी घ्यावे. मग रजिस्टर हाती घेऊन स्वतः त्या खोलीपर्यंत चालत जावे आणि कुलूप उघडायला लावावे.