आईचं सिम तुमच्या फोनमध्ये का आहे?

सगळं एकाच वस्तूत घ्यावं की वेगवेगळं, हा वाद आपल्याकडे संपल्यात जमा आहे. कॅमेरा, टॉर्च, रेडिओ, बँक, शाळा, सगळं फोनमध्ये. वेगळं काही मागितलं तर दुकानदारच विचारतो, ‘कशाला? मोबाईल आहे ना?’ माझं म्हणणं उलटं आहे. परभणी जिल्ह्यातल्या साध्या घरासाठी हा सल्ला महागात पडतो. आणि त्याची किंमत फोन घेणारा मोजत नाही, घरातले बाकीचे मोजतात.

एक गोष्ट आधी मान्य करू. काही कामं एकत्र असल्याशिवाय होतच नाहीत. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. सोयाबीनच्या शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि त्याच क्षणी जीपीएसने ती जागा नोंदवायची. इथे कॅमेरा आणि जीपीएस यांना एकमेकांची गरज आहे. वेगळा कॅमेरा आणून हे जमणार नाही. म्हणून माझा नियम सोपा आहे : दोन कामांना एकाच क्षणी एकमेकांची गरज असेल तर ती एकत्र असावीत. पण एक बंद पडल्यावरच दुसरं लागणार असेल, किंवा दोन्ही वेगवेगळ्या माणसांना लागणार असतील, तर ती वेगळीच हवीत.

टॉर्च घ्या. टॉर्च कधी लागते? लाईट गेल्यावर. आणि लाईट गेली की फोन चार्ज होत नाही. म्हणजे टॉर्च सगळ्यात जास्त लागते, त्याच वेळी ती फोनची उरलेली बॅटरी खाते. आम्ही सर्व्हरच्या बाबतीत अशी रचना करत नाही. एक भाग पडला तरी दुसरा चालू राहावा, ही पहिली अट असते. घर बांधताना मात्र आपण हे विसरतो.

रेडिओचंही तेच. आकाशवाणी परभणी लोकांनी वर्षानुवर्षं मीडियम वेव्हवर ऐकली. फोनमधल्या एफएम चिपवर मीडियम वेव्ह लागतच नाही. एफएमसुद्धा अनेक फोनमधून गायब झालं, इतकं की २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारला कंपन्यांना ते चालू ठेवायला सांगावं लागलं. ‘फोनमध्ये रेडिओ आहे’ म्हणून जुना सेल टाकायचा रेडिओ आपण भंगारात दिला. नंतर फोनमधला रेडिओही गेला.

गंगाखेडच्या बाजारात बघा. दुकानदाराकडे स्मार्टफोन असतो, तरी काउंटरवर पैसे आल्याची हाक देणारा वेगळा साउंडबॉक्स असतो. कारण गल्ल्यावर पोरगा बसतो आणि फोन मालकाच्या खिशात जातो. धंदेवाल्याला हे कळलं. घरात आपल्याला कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या फोनमध्ये दोन सिमची जागा आहे. एकात तुमचं सिम, दुसऱ्यात बऱ्याचदा आईचं. ‘तिला कशाला वेगळा फोन?’ २०२५च्या सप्टेंबरात लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर जात होता. आता विचार करा : आई सोनपेठला सेवा केंद्रात रांगेत उभी आहे, तिचा नंबर पुण्यात पोराच्या खिशात आहे, आणि पोरगा शिफ्टमध्ये आहे. काही मिनिटांत ओटीपी बाद होतो. पुन्हा रांग, पुन्हा एका दिवसाची मजुरी बुडाली.

आणि अडचण नसते त्या दिवशीही, तिच्या खात्यात किती आले, किती गेले, याचा मेसेज तिच्याआधी पोराला वाचायला मिळतो. याला आपण सोय म्हणतो. नंबर तिच्या नावावर, पण चावी दुसऱ्याकडे.

‘वेगळं घ्यायला पैसे कुठून आणायचे?’ हा प्रश्न खरा आहे. पण हिशोब मांडा. साधा कीपॅड फोन हजार-दीड हजाराच्या आसपास येतो. रिचार्ज तर तुम्ही आताही करताच, त्यात वाढ नाही. जिओचं सिम असेल तर फोरजी कीपॅड फोन बघा, नुसत्या टूजी फोनमध्ये ते चालणार नाही. मार्च २०२२पासून यूपीआय १२३पे आहे, म्हणजे कीपॅड फोनवरूनही पैसे देता येतात. पुढचा स्मार्टफोन घेताना एक पायरी खालचं मॉडेल घेतलं, तरी आईचा फोन आणि एक टॉर्च त्या फरकात बसते.

‘तिला फोन वापरता येत नाही’ हे दुसरं कारण. हिरवं बटण उचलायला, लाल बटण ठेवायला. ओटीपीचे आकडे वाचता आले नाहीत, तर समोर बसलेली सून किंवा नात वाचून दाखवेल. पुण्यातल्या पोराला फोन लावत बसण्यापेक्षा ते बरं.

तुमचा स्मार्टफोन टाकून द्या असं मी म्हणत नाही. त्यात हवं ते ठेवा. फक्त ज्या गोष्टी मुळात तुमच्या नाहीत, त्या त्यात ठेवू नका. या दिवाळीला गावी जाल तेव्हा दुसरं सिम काढा आणि ज्याचं आहे त्याच्या हातात द्या, फोनसकट.