विश्लेषण : जुनी पद्मिनी घरीच उभी करायची? पाना हातात घेण्यापूर्वी काय पाहावे?

मुंबईतील शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली. टॅक्सीसाठी वयोमर्यादा २० वर्षांची असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ही काळी-पिवळी अधिकृतपणे बाद झाली. टॅक्सी गेली, पण खासगी पद्मिनी अजून आहेत. कुणाच्या अंगणात, कुणाच्या सोसायटीच्या कोपऱ्यात, ताडपत्रीखाली, चारही टायर बसलेल्या अवस्थेत.

अशी गाडी घरीच दुरुस्त करायचे ठरले की पहिला प्रश्न हत्यारांचा येतो. कोणता सेट घ्यायचा? केवढ्याचा? खरे तर हा चौथा प्रश्न आहे. कागद, पत्रा आणि जागा हे तीन त्याआधीचे. हा क्रम चुकला की महिनाभरात गाडीचे सुटे भाग खोक्यांत जातात, वर्षभरात खोक्यांवर धूळ बसते आणि शेवटी सगळे भंगाराच्या भावाने निघते. गंजाने मरणाऱ्या गाडीला निदान वेळ मिळतो. घाईने उघडलेल्या गाडीला तोही मिळत नाही.

घरी दुरुस्तीसाठी पद्मिनी सोयीची का?

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्याने १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट बनवायला घेतली. १९७४ पासून तिचे नाव पद्मिनी झाले. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन, कार्ब्युरेटर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. संगणक नाही, सेन्सर नाही. बिघाड डोळ्यांनी दिसतो, कानांनी ऐकू येतो आणि बहुतेक वेळा हातांनी दुरुस्त होतो.

आणखी एक सोय म्हणजे गाडीचे मूळ इटालियन असल्याने नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे आहेत. बाजारातले साधे पाने चालतात. ब्रिटिश वंशाच्या जुन्या अॅम्बेसेडरला मात्र इंची माप लागते. तिच्या बोल्टवर मिलिमीटरचा ‘जवळपास बसणारा’ पाना लावला की बोल्टचे डोके गोल झालेच म्हणून समजा.

पहिले काम कागदांचे. ते कसे?

आरसी पुस्तक शोधा. त्यावरचा इंजिन क्रमांक आणि चासी क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर जुळतो का, ते पाहा. वर्षानुवर्षांत इंजिन बदललेले असते आणि त्याची नोंद राहून गेलेली असते. क्रमांक जुळत नसेल तर आधी आरटीओ, मग दुरुस्ती.

गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावावर ती करून घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१ आहे. घरात तीन वारस असतील तर बाकीच्या दोघांची लेखी संमती आजच घ्यावी. गाडी चकचकीत झाल्यावर ती अवघड होते. जुन्या हस्तलिखित आरसीची नोंद ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत आहे का, हेही तपासावे. नसेल तर आरटीओत बॅकलॉग नोंद करून घ्यावी लागते.

गाडी कागदावर टॅक्सी असेल तर वयोमर्यादेचा प्रश्न आधी सोडवावा. रंगाची नोंदही आरसीवर असते. त्यामुळे मूळ पांढरी गाडी लाल करायची असेल तर ते फक्त पेंटरला सांगून भागत नाही.

१५ आणि ५० वर्षांच्या मधल्या गाडीचे काय?

खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. अर्जासाठी फॉर्म २५ लागतो. २० वर्षांहून जुन्या मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १० हजार रुपये करण्यात आले. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटून गेली असेल तर महिन्यागणिक वाढणारा दंडही वेगळा.

५० वर्षांहून जुन्या गाडीला जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नूतनीकरणाला पाच हजार. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. शिवाय अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

म्हणजे १९७४ ची पद्मिनी व्हिंटेज ठरू शकते, पण १९९० ची पद्मिनी नियमाच्या नजरेत केवळ ‘जुनी गाडी’ आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्यांचा मोठा हिस्सा याच मधल्या पट्ट्यात अडकला आहे. जर्मनीत ३० वर्षांच्या, मूळ स्वरूप टिकवलेल्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची वेगळी पाटी मिळते. ब्रिटनमध्ये ही मर्यादा ४० वर्षांची आहे. आपल्याकडेही ३० वर्षांपासून पुढे, मर्यादित वापराच्या अटीवर, अशी एक पायरी असायला हरकत नाही. वर्षाला काही शे किलोमीटर चालणारी गाडी आणि रोज धूर सोडणारी गाडी यांना एकाच मापाने मोजल्याने हवा स्वच्छ होत नाही. चांगल्या गाड्या तेवढ्या भंगारात जातात.

मात्र नियम बदलेपर्यंत हिशेब आजच्या नियमाने करायचा. गाडी रस्त्यावर आणायची की रॅलीपुरती ठेवायची, हे ठरल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

गंज कुठे शोधायचा?

पद्मिनीला वेगळी चासी नाही. संपूर्ण पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. त्यामुळे मडगार्डवरचा गंज हा दिसण्याचा प्रश्न असतो, पण दारांखालच्या पोकळ पट्ट्यांमधला गंज हा जिवाचा प्रश्न असतो.

तपासणीला तीन वस्तू पुरतात : टॉर्च, जुना स्क्रू ड्रायव्हर आणि लहानसे लोहचुंबक. मॅट उचलून फ्लोअरचा पत्रा पाहा. दारांखालच्या पट्ट्या, जॅक लावायच्या जागा, बॅटरीखालचा पत्रा, डिकीचा तळ आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्या जिथे बॉडीला जोडल्या आहेत त्या जागा टोचून पाहा. स्क्रू ड्रायव्हर आत गेला तर तिथे पत्रा उरलेला नाही. चुंबक चिकटत नसेल तर रंगाखाली पुट्टीचा थर आहे.

इंजिन बिघडले तर पुन्हा बांधता येते. कुजलेल्या सांगाड्याला कापून नवा पत्रा जोडावा लागतो आणि ते घरगुती काम नाही. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ उभी राहिलेली गाडी असेल तर हा निर्णय अनुभवी डेंटरला दाखवूनच घ्यावा. ‘नाही’ म्हणायची हीच योग्य वेळ असते.

जागा किती लागते?

गाडी सुमारे चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे. सभोवती मीटरभर मोकळी जागा धरली तर सहा बाय साडेतीन मीटर, म्हणजे साधारण २० बाय १२ फूट लागतात. वर छप्पर, खाली सपाट आणि टणक फरशी हवी. मातीवर किंवा उतारावर गाडी उचलायची नाही.

उघडलेली गाडी बंद गाडीपेक्षा जास्त जागा खाते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. सीट, दारे, बोनेट, काचा ठेवायला आधी मांडणी लागते. सोसायटीत काम करायचे असेल तर लेखी परवानगी, कामाचे तास आणि वापरलेल्या ऑइलची विल्हेवाट हे ठरवून घ्यावे. वापरलेले ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात ओतणे शेजाऱ्यांशी आणि पाण्याशी, दोघांशीही वैर आहे.

मग हत्यारे कोणती घ्यायची?

शेकडो नगांचा पेटी-सेट दिसायला भारी, पण त्यातले निम्मे नग कधी बाहेर निघत नाहीत. हत्यारे तीन टप्प्यांत घ्यावीत.

पहिला टप्पा सुरक्षेचा. दोन टनी ट्रॉली जॅक, चार मजबूत स्टँड, चाकांना लावायचे ठोकळे, चष्मा, हातमोजे आणि एबीसी प्रकारचे अग्निशामक. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचे नाही. वीट भाराखाली इशारा न देता फुटते.

दुसरा टप्पा रोजच्या कामाचा. ६ ते २२ मिमीचे रिंग पाने आणि फिक्स पाने, अर्ध्या इंची दांड्याचा गोटी सेट, प्लग पाना, पक्कड, चांगले स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, तारेचा ब्रश आणि गंज सोडवणारे तेल. गोट्या सहा पैलूंच्या घ्याव्यात. बारा पैलूंची गोटी बोल्टला कोपऱ्यांवर पकडते आणि गंजलेल्या बोल्टचे कोपरे आधीच झिजलेले असतात. सहा पैलूंची गोटी सपाट बाजूंवर जोर देते, त्यामुळे डोके वाचते. ब्रेकच्या नळ्यांचे नट मऊ असतात, त्यासाठी वेगळा फ्लेअर पाना घ्यावा.

तिसरा टप्पा मोजमापाचा. मल्टिमीटर, फीलर गेज, कॉम्प्रेशन गेज आणि टॉर्क रेंच. चारही सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये साधारण १० टक्क्यांहून जास्त फरक नसेल, तर इंजिन उघडण्याआधी दोनदा विचार करावा. कदाचित ते उघडायची गरजच नसेल. टॉर्क रेंच चैनीची वस्तू वाटते, पण अंदाजाने आवळलेले सिलिंडर हेड गॅस्केट घेऊन जाते.

सर्वांत स्वस्त हत्यार कोणते?

वही, फोन आणि झिपच्या पिशव्या. प्रत्येक भाग सोडवण्याआधी दोन बाजूंनी फोटो, काढलेले बोल्ट पिशवीत, पिशवीवर भागाचे नाव आणि तारीख. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला चिकटपट्टीची खूण. सहा महिन्यांनी ‘हा वॉशर कुठला’ हे आठवत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे सगळी गाडी एकदम उघडू नये. आधी ब्रेक उघडा, दुरुस्त करा, बसवा. मग इंधनाची व्यवस्था, मग वायरिंग, मग इंजिन. प्रत्येक टप्प्यानंतर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असली पाहिजे. नोकरी बदलली, घरात आजारपण आले, पैसे संपले, तरी अशी गाडी थांबते, मोडत नाही.

पहिल्याच दिवशी कोणती चूक टाळायची?

नवी बॅटरी लावून स्टार्टर मारण्याची. वर्षानुवर्षे बंद असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. आधी चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा, दोन दिवस थांबा आणि मग पान्याने इंजिन हळूहळू हाताने फिरवा. ते मोकळे फिरले तरच जुने इंजिन ऑइल बदलून पुढची पायरी.

टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि पद्मिनी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुने रबर खराब करते आणि पाणी शोषून घेते. त्यामुळे इंधनाच्या सर्व रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल चालेल अशा प्रतीचा बसवावा आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये. रिकामी टाकी सुरक्षित असते, हाही गैरसमज आहे. तिच्यातली वाफ पेट घेते, म्हणून टाकी गाडीत असताना जवळपास वेल्डिंग करायचे नाही.

जुन्या ब्रेक शूजच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असू शकते. ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी, मास्क लावावा.

सगळे स्वतःच करायचे का?

नाही. साफसफाई, सुटे करणे, खुणा करणे, गंज घासणे, वायरिंग तपासणे, भाग शोधत पुण्याची नाना पेठ किंवा कुर्ल्याचा बाजार पालथा घालणे, ही कामे घरची. सांगाड्याचे वेल्डिंग, सिलिंडरचे बोरिंग, क्रँकचे ग्राइंडिंग आणि ब्रेकची शेवटची तपासणी जाणकारांची.

हे जाणकार आता वयाने मोठे झाले आहेत. कार्ब्युरेटरचा आवाज ऐकून दोष सांगणारा मिस्त्री प्रत्येक शहरात अजून एखादा तरी सापडतो. त्याच्या हाताखालचा पोरगा मात्र स्कॅनर लावायला शिकला आहे आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून मिस्त्रीला गाडी ‘सोपवून’ टाकण्यापेक्षा त्याला दिवसाचे पैसे देऊन शेजारी उभे करावे आणि हात स्वतःचे चालवावेत. त्याची मजुरी हा या कामातला सर्वांत उपयोगी खर्च आहे, कारण सुटा भाग पुन्हा मिळू शकतो, ते ज्ञान मिळणार नाही.

घरी गाडी उभी करणे गॅरेजपेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. हत्यारे, चुका आणि वेळ धरला तर बरेचदा पडतही नाही. पण जो माणूस कागद, पत्रा, जागा आणि हत्यारे या क्रमाने जातो, त्याला पहिल्या महिन्यातच कळते की ही गाडी वाचण्यासारखी आहे की नाही. उत्तर ‘नाही’ आले तर खर्च एका स्क्रू ड्रायव्हरचा आणि आरटीओच्या दोन खेपांचा होतो. उत्तर ‘हो’ आले, तर पुढची दोन वर्षे रविवारचा प्रश्न सुटतो.